न पाहिलेली वाट

फार जुनी गोष्ट आहे, बाळांनो, आणि मोठ्यांनीही कान देऊन ऐकावी अशी आहे. एका राज्यात एक रीत होती. नवी वाट काढायची झाली, की राजा आधी आपला पाहणीदार पाठवी आणि त्याला एकच वाक्य सांगे, "आधी वाट पाहा, मग वाट काढू." राजाच्या खापरपणजोबापासून चालत आलेलं हे वाक्य. त्याचा अर्थ आपल्याला ठाऊक आहे, असं प्रत्येकाला वाटे.

त्या राज्याच्या मधोमध एक लांबलचक डोंगर आडवा पडला होता. अलीकडे राजधानी, पलीकडे सात गावं. वळसा घालून जायला दोन दिवस लागत. राजाच्या मनात आलं, डोंगर मधून कापावा आणि रस्ता सरळ न्यावा. त्यानं पाहणीदाराला बोलावलं.

पाहणीदाराला मनातून आनंदाच्या उकळ्या फुटल्या. त्याची एकुलती एक लेक त्या सातांपैकीच एका गावात दिली होती. पोरीचं तोंड वर्षातून एकदा, दिवाळीला दिसायचं. रस्ता झाला तर सकाळी निघून दुपारच्या जेवणाला तिच्याकडे पोचता येणार होतं. माणूस प्रामाणिक होता हो, पण त्याचं मन आधीच पलीकडे जाऊन बसलं होतं.

वैशाखात तो डोंगर चढला. वर नुसता काळा कातळ, तापलेला. गवताची काडी नाही, जागोजागी कोरडे खळगे. दोन दिवस त्यानं सगळा माथा पायाखाली घातला आणि मग लेकीच्या गावी उतरला. लेकीनं गूळपाणी पुढं ठेवलं. भर वैशाखात ते पाणी गार होतं. तो दोन तांबे प्याला. हे पाणी कुठलं, एवढं मात्र त्यानं विचारलं नाही.

ओसरीवर गावचा म्हातारा पाणाड्या बसला होता. जमिनीखालचं पाणी ओळखण्यात त्याचा जन्म गेलेला. तो म्हणाला, "काय व्याहीबुवा, पाहिलीत का वाट?"

"पाहिली की. नुसता दगड आहे आजोबा. कापला तरी कुणाचं काही बिघडत नाही."

"दोन दिवसांत पाहून झाली?"

"दोन दिवस पुष्कळ झाले."

"आमच्याकडं वाट पाहणं म्हणजे थांबणं," म्हातारा म्हणाला. "श्रावणात त्या खळग्यांत कंबरभर पाणी असतं. मार्गशीर्षात ते गडप होतं. कुठं जातं, ते बघायला वर्ष लागतं. लेकीचंच घर आहे, राहा."

पाहणीदार हसला. "लेकीच्या सासरी बाप वर्षभर राहिला तर लोक तोंडात शेण घालतील. आणि तिकडं राजा माझी वाट पाहतोय."

"मग राजाला तरी त्या शब्दाचा अर्थ कळतो म्हणायचा," म्हातारा म्हणाला आणि काठी टेकत उठला.

पाहणीदारानं राजाला लिहून दिलं, 'डोंगर कोरडा आहे. हरकत नाही.'

काम सुरू झालं. डोंगर निम्मा कापून झाला आणि एके दिवशी कापलेल्या भिंतीतून पाणी पाझरायला लागलं. मजुरांनी हात जोडले. गंगा प्रसन्न झाली, असं जो तो म्हणू लागला. पाहणीदारानं स्वतः हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. पाण्यानं काम अडू नये म्हणून कडेनं चर खणून ते राजधानीकडच्या ओढ्यात सोडून दिलं.

पाणाड्या तेवढा चढ चढून आला. भिंतीला बोट लावून त्यानं ते पाणी चाखलं. "हे आमच्या गावच्या झऱ्याचं पाणी आहे," तो म्हणाला. पाहणीदारानं ते नीट ऐकलं. पण नारळ फुटला होता आणि राजाला शब्द लिहून दिला होता. त्यानं मजुरांना काम चालू ठेवायला सांगितलं.

रस्ता झाला. पहिल्या वर्षी पाहणीदार आठ वेळा लेकीकडे गेला. नातवाला त्यानं खांद्यावर घेऊन मिरवलं. दुसऱ्या वर्षी लेकीनं तांब्याऐवजी फक्त भांडंभर पाणी पुढं ठेवलं. त्यानं ते मुकाट्यानं पिऊन टाकलं. तिसऱ्या वर्षी डोंगरावर पडलेलं सगळं पाणी चरातून पावसाळ्यातच वाहून गेलं, आणि फाल्गुनात झऱ्याच्या तोंडाशी चिखल उरला.

त्याच फाल्गुनात तो नातवासाठी अंगरखा घेऊन निघाला. डोंगराच्या खिंडीत समोरून माणसं येताना दिसली. गाड्यांवर जाती, भांडी, टोपल्यांत कोंबड्या. मागून त्याची लेक चालत होती. कडेवर मूल, डोक्यावर रिकामी घागर.

"कुठं निघालात गं सगळे?"

"पाणी असेल तिथं, बाबा." ती जरा थांबली. "रस्ता चांगला झालाय. पोरांचे पाय दुखले नाहीत."

 त्यानं विचारलं, "आणि पाणाडे आजोबा?"

"ते झऱ्यापाशीच बसलेत. चला म्हटलं, तर म्हणाले, तुम्ही व्हा पुढं, मी वाट पाहतो."

पाहणीदार भर रस्त्यात बसला आणि लहान मुलासारखा रडला. लेकीनं घागर खाली ठेवून त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग माणसं पुढं गेली, म्हणून तीही गेली.

तो तसाच राजाकडं गेला. "महाराज, माझा शब्द खोडा."

"शब्द खोडतो," राजा म्हणाला. "डोंगर कसा सांधू, ते सांग."

 पाहणीदार उलट पावली डोंगर ओलांडून झऱ्यापाशी गेला आणि म्हाताऱ्याशेजारी बसला. वर्षभर राहिला. वाट पाहणं म्हणजे काय ते त्याला तिथं कळलं, पण तोवर गावात चूल पेटत नव्हती. तेव्हापासून त्या राज्यात नियम झाला, की वाटेची पाहणी करणाऱ्यानं तिथलंच पाणी पिऊन तिथं बारा महिने काढायचे.

तात्पर्य: वाट पाहिल्यावाचून जो वाट काढतो, तो कुणाची तरी वाट लावतो.