ठकूबाईचा मंगळवार

हिवरदऱ्याच्या या विहिरीत वाकून बघा, पण काठावर बसू नका. मधोमध चुन्यात बांधलेली भिंत दिसते ना, आणि तिच्या पोटात माणूस शिरेल एवढं भगदाड? शहरातून येणारे ती बघून आधी हसतात. हसायचं कारण नाही. विहिरीत भिंत घालणारे मूर्ख होते हे खरं, पण तुमच्या बिल्डिंगीत गच्ची कुणाची म्हणून जे भांडतात ते काय शहाणे असतात?

ही विहीर दोघा भावांच्या बापानं खणली असं सांगतात. म्हातारा गेला आणि वाटणी झाली. थोरला सुभानजी, धाकटा कुशाबा. शिवारात बांध पडला, गोठा वाटला, चिंचेच्या फांद्यासुद्धा मोजून वाटल्या. विहीर काही वाटता येईना, ती सामाईक राहिली. मग वार ठरले. तीन वार थोरल्याची मोट, तीन वार धाकट्याची. उरला मंगळवार.

त्या एका मंगळवारानं घराची माती केली. सुभानजी म्हणे मी थोरला, कुशाबा म्हणे माझी पोरं जास्त. पंच बसले, एक आड एक मंगळवार असा निवाडा दिला. तर मागचा मंगळवार कुणाचा होता यावर काठ्या निघाल्या. पंच धोतर झटकून घरी गेले.

या दोघांच्या मधली बहीण ठकूबाई. नवरा गेल्यावर माहेरी आलेली. वाटणीच्या दिवशी एक लुगडं-चोळी देऊन भावांनी तिचा हक्क मिटवला होता. विहिरीलगतच्या छपरात राहायची. एक गाय आणि मिरचीचे चार वाफे, एवढाच तिचा संसार, आणि तो सगळा या पाण्यावर. तिनं घागर सोडली की ज्याचा वार असेल तो ओरडे, "ठकू, विचारून भर." मंगळवारी तर दोघंही ओरडत. दोघांच्या मोटा जुंपलेल्या, दोघांचे बैल उन्हात उभे, आणि पाणी कुणीच काढत नाही, दुसऱ्यालाही काढू देत नाही. मिरची वाळली. गाय ओढ्यातलं गढूळ पिऊ लागली. ठकूबाई छपरात बसून दोघांना शिव्या घालायची, आणि शिव्या तिला चांगल्या यायच्या म्हणे.

मग भावांच्या डोक्यातून ही भिंत निघाली. भर उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं तेव्हा गवंडी आणले. कुशाबानं बैलांना सावली मिळते म्हणून पश्चिमेची बाजू मागून घेतली. झरा कुठल्या अंगाला आहे हे दोघांतल्या एकानंही पाहिलं नाही. भिंत दीड पुरुष वर आली, चुना धरला, आणि झरा निघाला सगळा सुभानजीच्या बाजूला. कुशाबाच्या वाट्याला चिखल.

"बाजू तूच मागितलीस," सुभानजी म्हणाला. "आता सावली पी."

त्या सकाळी ठकूबाई घागर घेऊन आली. सुभानजी म्हणाला, "हे पाणी आता माझ्या एकट्याचं. कुशाकडं जा." कुशाबा म्हणाला, "माझ्याकडं चिखल आहे आक्का. नेतेस?" ती रिकामी घागर कमरेवर घेऊन उभी राहिली. आज पाणी मिळालं नाही तर गाय सोडून गावाबाहेर पडायचं, दुसरं काही तिच्या हातात उरलं नव्हतं.

तेवढ्यात कुशाबा मोटेच्या नाड्याला, त्या जाड दोराला, धरून खाली उतरला, पहार घेऊन, भिंत फोडायला. सुभानजी आपल्या नाड्यावरून आपल्या बाजूला उतरला, भिंत राखायला. तिथं गुडघाभर पाणी होतं. दोघं भिंतीच्या दोन अंगांनी एकमेकांना बोलू लागले. आई एकच असल्यानं शिव्यांची जरा अडचण होत होती.

ठकूबाईनं घागर खाली ठेवली आणि दोन्ही नाडे वर ओढून घेतले.

"ठकू, नाडा सोड," सुभानजी ओरडला.

"पाणी कुणाचं आहे दादा?"

"माझं."

"मग बस त्यात."

मोट थांबली की झरा विहीर भरतोच. पण त्या दिवशी तो असा सुटला म्हणे, की तसा ना आधी कुणी पाहिला ना नंतर. सुभानजीच्या कमरेला पाणी लागलं. तो विहिरीचा मालक, पण पोहता येत नव्हतं. गाव गोळा झालं. ठकूबाई विळा घेऊन नाड्यांपाशी उभी. "जो हात लावील त्याचा हात खाली पडेल," ती म्हणाली, आणि ती खोटं बोलत नाही हे गावाला ठाऊक होतं.

पाणी छातीला आलं. "कुशा," सुभानजी म्हणाला, "थोडं पाणी घे रे."

कुशाबा पहार आडवी टाकून तिच्यावर बसला होता. "नको दादा. तुझा वाटा आहे."

पाणी हनुवटीला आलं. "सगळं घे," सुभानजी म्हणाला, आणि पुढचं बोलणं पाण्यात गेलं.

तेव्हा कुशाबा उठला. पहिल्या घावाला चुना उडाला, पाचव्याला दगड निसटला, आणि पाण्यानं पहारीसकट त्याला मागं फेकलं. दोन्ही अंगांना कमरेएवढं पाणी झालं. सुभानजी खोकत त्या भगदाडातून इकडं आला आणि धाकट्याचा खांदा धरून उभा राहिला.

ठकूबाईनं वरून विचारलं, "मंगळवार कुणाचा?"

"कुशाचा," सुभानजी म्हणाला.

"दादाचा," कुशाबा म्हणाला.

"नाही, कुशाचाच."

हे ऐकून ती जास्तच भडकली असं सांगतात. "दोन वर्षं एकमेकांचा गळा धरलात, आता एकमेकांना ओवाळताय," ती म्हणाली. "देताना तरी तिसरं माणूस दिसतं का रे डोळ्यांना? रात्र काढा तिथंच."

मग कुशाबा म्हणाला, "आक्का, मंगळवार तुझा." सुभानजीनं मान डोलावली. ठकूबाईला मान दिसत नव्हती. तिनं त्याच्या तोंडून ते तीन वेळा वदवून घेतलं आणि मगच नाडे सोडले. वर आल्यावर दोघं तिच्या पाया पडायला वाकले. ती घागर भरत होती. तिनं पाय मागं घेतले.

आजही मंगळवारी या विहिरीवर कुणाचीच मोटार चालत नाही. सकाळीच दोन्ही भावांच्या घरांतले फ्यूज काढून घरच्या लेकीच्या हातात देतात, ती सासरी असली तर बोलावून आणतात. दिवसभर गावातल्या कुणीही यावं, घागर भरावी, वार विचारायचा नाही. सातबाऱ्यावर मात्र आजही भावांच्याच वारसांची नावं आहेत. ठकूबाईचं का नाही म्हणून तलाठ्याला विचारायला गेलो, तर म्हणतो, मंगळवारासाठी रकाना नाही.