शेवटच्या आंघोळीचं पाणी

उसाच्या पट्ट्यातल्या एका लहानशा गावात शिवलिंग शेटे नावाचे गुळाचे व्यापारी राहत होते. सारा गाव त्यांना आण्णा म्हणे. माणूस बोलायला कमी आणि शब्दाला पक्का. गौराक्काशी त्यांचं लग्न झालं तेव्हा सासऱ्यांनी त्यांना आंघोळीचं पाणी तापवायचा एक तांब्याचा बंब दिला होता. मधल्या नळीत जळण घालायचं, भोवतीचं पाणी तापायचं, खालच्या तोटीतून ते बादलीत काढायचं. एक बादली काढली की एक बादली गार पाणी वरून ओतायचं, नाहीतर बंब करपतो. एवढंच त्याचं शास्त्र.

थंडीच्या दिवसांत पहाटे आण्णांना जाग येई ती उसाच्या चिपाडांच्या तडतडीने. मागोमाग धुराचा वास येई. मग बांगड्यांचा आवाज, आणि बादलीत पडणाऱ्या पाण्याचा. आण्णा पांघरुणातून बाहेर न येता हे सगळं ऐकत पडून राहत. मुलगा महांतेश लहान होता तेव्हा तो बंबाजवळ पाठ शेकत बसे आणि बसल्या जागी पुन्हा झोपी जाई. पाणी तापलं की गौराक्का दारातून म्हणे, "पाणी काढलंय." तेवढेच दोन शब्द. सुखाची याहून मोठी हाक आण्णांना ठाऊक नव्हती.

दोन वर्षांपूर्वी गौराक्का गेली. आजार जेमतेम चार दिवसांचा ठरला. निरोप घ्यायलाही वेळ मिळाला नाही.

त्यानंतर बंब पेटवायचं काम सुनेकडे, वसुंधरेकडे आलं. कुणी ते तिला दिलं नाही, तिने ते मागितलंही नाही. तडतड तीच होती, वासही तोच होता. डोळे मिटून पडलं की क्षणभर वाटे, काहीच बदललेलं नाही. त्या एका क्षणासाठी आण्णा रोज पहाटे जागे होत.

वसुंधरेने लग्नाआधी नर्सचं शिक्षण घेतलं होतं. दोन्ही मुलं शाळेत जाऊ लागली तेव्हा तिने अर्ज केला, आणि शेजारच्या गावच्या दवाखान्यात तिची नेमणूक झाली. हजर व्हायला महिन्याची मुदत होती. तिकडे जाणारी एसटी सकाळी पावणेसातला सुटे. त्यानंतरची थेट दहाला.

बंब पेटवायचा, चौघांना पाणी काढून द्यायचं, भाकऱ्या करायच्या, मुलांचे डबे भरायचे, शेवटी आपली आंघोळ उरकायची आणि पावणेसातला फाट्यावर उभं राहायचं. जमतं का ते वसुंधरेने चार दिवस करून पाहिलं. चारही दिवस तिला एसटीची पाठच दिसली.

पाचव्या दिवशी जेवायला वाढताना ती म्हणाली, "आण्णा, पाणी तापवायला दुसरं काही बसवू या का?"

"का? बंबाला काय झालं?"

"बंबाला काही झालं नाही."

आण्णांनी भाकरी मोडली. "तुझ्या सासूनं हा बंब तीस वर्षं पेटवला. एकदा तरी कुरकुर केली का, विचार तुझ्या नवऱ्याला."

महांतेशने ताटात बघत मान हलवली.

वसुंधरा शांतपणे म्हणाली, "मग मी नोकरीचं पत्र परत पाठवते."

"अगं, असं लगेच काय?" महांतेश म्हणाला. "काढू काहीतरी वाट."

"तुम्ही पेटवाल बंब?"

"मला कुठं येतं ते?"

"मला तरी माहेरी कुठं येत होतं? आमच्याकडं चुलीवर हंडा होता."

आण्णा कठोर नव्हते. सुनेचं शिक्षण वाया जावं असं त्यांना मुळीच वाटत नव्हतं. पण बंब विझला तर घरातून गौराक्का दुसऱ्यांदा जाईल, ही भीती त्यांच्या मनात होती आणि ती त्यांना कुणाला सांगता येत नव्हती. म्हणून त्यांनी दस्तगीर मिस्त्रीला बोलावणं धाडलं. मनातून ठरवलं होतं, तो जे जे सुचवेल त्यात खोट काढायची.

गावातले नळ, पंप आणि टाक्या दस्तगीरच्याच हातच्या. त्याने न्हाणीघर पाहिलं, गच्चीवर फिरून आला आणि ओट्यावर चहा घेत बसला.

"विजेचा गीझर बसवता येईल," तो म्हणाला. "पण आपल्याकडं वीज नेमकी सकाळीच जाते."

"बघ!" आण्णा म्हणाले.

"गॅसचा गीझर पाणी लगेच तापवतो. पण तुमच्या न्हाणीघराला खिडकी नाही. आत गॅस कोंडला तर माणूस जिवाला मुकतो. तो मी बसवणार नाही."

"बरोबर आहे तुझं."

"राहिला सोलर. गच्चीवर दिवसभर ऊन आहे, सावली कशाची नाही. दिवसा तापलेलं पाणी टाकीत सकाळपर्यंत गरम राहतं. पावसाळ्यात ढग असले की तेवढं अडेल."

"अडेल ना? मग बंब काय वाईट?"

दस्तगीर हसला. "बंब वाईट म्हणून कोण म्हणतंय? पण आण्णा, काय लागतं ते कळल्याशिवाय मला काही सांगता येत नाही. बंब कधी पेटतो?"

"पाच... साडेपाचला."

"सव्वाचारला," आतून वसुंधरेचा आवाज आला.

"जळण किती जातं?"

आण्णा न्हाणीघराकडे बघू लागले.

"राख कोण काढतं?"

आण्णांनी चहाचा घोट घेतला.

"बरं, शेवटी आंघोळ कोण करतं?"

"घरातली बाई करते की. सगळीकडं तशीच रीत आहे."

"तिला पाणी कसं मिळतं?"

"कसं म्हणजे? गरमच मिळतं. बंबाचं पाणी ते."

दस्तगीरने कप खाली ठेवला. "राग मानू नका, आण्णा. गरम पाण्यानं आंघोळ कशी करायची ते तुम्हाला ठाऊक आहे. पाणी गरम कसं होतं ते नाही ठाऊक. आधी तेवढं बघून घ्या, मग मला बोलवा."

हे आण्णांना झोंबलं. ते उठून उभे राहिले. "उद्यापासून बंब मी पेटवणार. आठ दिवस. सुनबाई वेळेवर तयार झाली, तर बंब राहील आणि तिची नोकरीही राहील. नाही जमलं, तर तू म्हणशील ते."

"आणि नवव्या दिवसापासून?" दस्तगीरने विचारलं.

"त्यानंतरही मीच."

हे बोलणं खरं होतं. आण्णांनी दिलेला शब्द आजवर मोडला नव्हता.

पहिल्या दिवशी धूरच धूर झाला. चिपाडं ओली होती. घर खोकत उठलं. आठ वर्षांची नात अक्षता डोळे चोळत आली आणि आजोबांकडे बघतच राहिली. "आई, आण्णांनी बंब पेटवला का स्वतःला?" त्या दिवशी सगळ्यांनी कोमट पाण्याने आंघोळी केल्या.

दुसऱ्या दिवशी जाळ झाला, पण गार पाणी ओतायचं राहिलं आणि बंब करपायला आला. वसुंधरा धावत आली, तिने बादली ओतली आणि तशीच मागे फिरली. तिसऱ्या दिवशी आण्णांना समजलं की आधी करवंटीचा तुकडा पेटवावा, मग चिपाडं, मग लाकूड, आणि लाकूड आदल्या दिवशीच फोडून ठेवावं. चौथ्या दिवशी त्यांचा हात बसला.

पाचव्या दिवशी सगळं जमून आलं. जाळ असा लागला की तांब्यावर त्याची लाली चढली. वसुंधरेची आंघोळ सगळ्यांच्या आधी झाली, ती साडेसहाला तयार झाली. महांतेश वाफेतून बाहेर येत म्हणाला, "आण्णा, आईच्या हातचं पाणी वाटलं." नातवंडांनी आणखी एकेक बादली मागितली.

बंब पेटवणारा बदलला होता, तसा शेवटी आंघोळ करणाराही बदलला होता. त्याला इलाज नव्हता. अंगावर राख घेऊन आधी आंघोळ कशी करणार? आणि मधेच उठलं तर जाळ कोण बघणार, गार पाणी कोण ओतणार? सगळ्यांचं झाल्यावर आण्णांनी आपली बादली भरली आणि तांब्या अंगावर घेतला.

पाणी कोमट होतं. त्याला राखेचा वास येत होता.

आपलंच काही चुकलं असेल, असं त्यांना वाटलं. सहाव्या दिवशी त्यांनी जळण वाढवलं. पण घेतली तेवढी गार बादली ओतायचीच होती. शेवटची बादली ओतेपर्यंत लाकडं जळून बसली होती, आणि पुन्हा जाळ करून थांबायला वेळ नव्हता. दारात गुळाच्या गाड्या आल्या होत्या. पाणी पुन्हा कोमटच आलं. सातव्या दिवशीही तेच झालं.

सातव्या दिवशी आण्णा ओल्या अंगाने न्हाणीघरातल्या पाटावर बसून राहिले. चूक कुठेच झाली नव्हती. बंबाची रीतच ती होती. जो पाणी तापवी, त्याच्या वाट्याला तापलेलं पाणी येत नसे.

तीस वर्षं. थंडीतली आणि पावसातली, महांतेश पोटात होता तेव्हाची, तापातून उठल्यानंतरची. एवढ्या वर्षांत गौराक्काने कसल्या पाण्याने आंघोळ केली, हे आण्णांना त्या सकाळी कळलं.

आणि मग एक गोष्ट आठवली. सात-आठ वर्षांपूर्वी गौराक्का बहिणीकडे चार दिवस राहून आली होती. परत आल्यावर सुपारी कातरत म्हणाली होती, "आक्काच्या घरी गच्चीवर उन्हात पाणी तापतं. मी सगळ्यांच्या मागून न्हाले, तरी चांगलं कढत होतं हो."

आण्णा म्हणाले होते, "उन्हाच्या पाण्याला बंबाच्या पाण्याची सर येते होय?"

ती हसली होती आणि उठून आत गेली होती. ते हसणं आण्णांनी होकार म्हणून घेतलं होतं.

तिने कुरकुर केली नव्हती हे खरं होतं. तिने मागितलं होतं.

आठव्या दिवशीही आण्णांनी बंब पेटवला. वसुंधरा वेळेवर तयार झाली. ते पैज जिंकले होते. त्यांना वाटलं असतं, तर बंब आणखी वीस वर्षं राहिला असता आणि गावाने त्यांचं कौतुक केलं असतं.

दस्तगीर संध्याकाळी आला. "मग काय ठरलं, आण्णा?"

"सोलर बसव."

दस्तगीर चकित झाला. "का? जमलं नाही?"

"जमलं," आण्णा म्हणाले. "म्हणूनच."

टाकी केवढी घ्यायची, एवढंच दस्तगीरने विचारलं.

"ते वसुंधरेला विचार," आण्णा म्हणाले. "तिला ठाऊक आहे."

वसुंधरा दाराशी आली. किती माणसं, किती बादल्या, पाहुणे आले तर किती, सगळं तिने बोटांवर सांगितलं. मग सासऱ्यांकडे बघून म्हणाली, "आण्णा, आईंची आठवण म्हणून बंब राहू दे हवं तर. मी काढीन काहीतरी मार्ग."

"आठवण राहीलच," आण्णा म्हणाले. "ढगाच्या दिवशी बंबही पेटेल. पण तो मी पेटवीन. किंवा महांतेश. त्याला शिकवतो मी."

"मला?" महांतेश म्हणाला.

"करवंटीपासून सुरुवात करायची," वसुंधरा म्हणाली, आणि कितीतरी महिन्यांनी त्या घरात सगळे एकदम हसले.

गच्चीवर सोलर बसला. एक दिवस त्याने ऊन खाल्लं. दुसऱ्या दिवशी सकाळी आण्णांना जाग आली ती शांततेने. तडतड नव्हती, धूर नव्हता. ते थोडा वेळ तसेच पडून राहिले. मग उठले.

वसुंधरेचा कामावरचा पहिला दिवस होता. न्हाणीघराच्या दाराशी ती घुटमळत होती. "आण्णा, आधी तुम्ही करून घ्या."

"मला कुठली एसटी गाठायचीय? जा तू."

ती गेली. तिच्यामागून मुलं गेली, मग महांतेश. पावणेसातची एसटी फाट्यावर थांबली आणि वसुंधरा तिच्यात चढली. मुलं ओट्यावरून हात हलवत राहिली.

आण्णा सगळ्यांच्या शेवटी न्हाणीघरात शिरले. नळ सोडला आणि हात लगेच मागे घेतला. पाणी कढत होतं. त्यांनी गार पाण्याचं विसण घातलं आणि पहिला तांब्या अंगावर ओतला. दुसरा भरला, पण ओतला नाही. तो हातात धरून ते कितीतरी वेळ तसेच बसले.

बाहेरून महांतेशने विचारलं, "आण्णा, आहे ना गरम पाणी?"

"आहे," आण्णा म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "अजून आहे."

तात्पर्य: ज्याच्या कष्टांवर आपलं सुख उभं असतं, त्याच्या न बोलण्याला समाधान समजू नये, आणि गेलेल्या माणसाची आठवण जपायची, तर त्याचे कष्ट मागे राहिलेल्याच्या वाट्याला देऊ नयेत.