दमाचं खडप

समोर पाण्यात तो काळा कातळ दिसतो ना, ओहोटीला म्हशीच्या पाठीएवढा वर येतो आणि भरतीला बुडतो, त्याला आमच्या दांडेखोलात दमाचं खडप म्हणतात. पाहुणे मंडळी बहुधा फोटो काढतात आणि होडी वळवायला सांगतात. तुम्ही नाव विचारलंत, तेव्हा आता ऐकूनच जा.

या खडपाच्या बुडाशी कपारीत कान मिळतात. कान म्हणजे एका जातीचा शिंपला. त्याला दोन झाकणं नसतात, एकच पाठ असते, माणसाच्या कानासारख्या वळणाची. आतून मोरपंखी चकाकी आणि कडेला ओळीनं बारीक भोकं. खालचं मांस कातळाला घट्ट धरून बसतं. त्याला चाहूल लागायच्या आत पटाशी सारून उचटला तर निघतो. आधी बोट लागलं तर असा आवळतो की पहार वाकेल, पण कान सुटायचा नाही. मोठा कान ओंजळीएवढा असतो आणि त्याच्यासाठी माणसं पूर्वीपासून जिवावर उदार होत आली आहेत.

बुडी मारणाऱ्याच्या कमरेला दोरी असे आणि दुसरं टोक होडीतल्या माणसाच्या हातात. खाली गेलेल्याला आपला दम किती उरला याचं भान राहत नाही. एका कानामागे दुसरा दिसतो आणि हाव सुटते. खालून हिसका दिला तरी वरच्याला तो लाटेचाच वाटतो. म्हणून रीत अशी होती, की बुडी मारणारा आणि दोरीवरचा, दोघांनी एकदमच श्वास कोंडायचा. वरच्याचा दम संपला की त्यानं दोरी ओढायची. साधी गोष्ट, पण तिच्यातच घात होता.

असं सांगतात, की फार पूर्वी गावात सगुण नावाचा गाबीत मच्छीमार होता. त्याच्याइतका दमदार माणूस या किनाऱ्यावर दुसरा नव्हता. तो दोरीवर बसला की खालच्याला भरपूर वेळ मिळे. "सगुणाच्या दोरयेर जातलो, तो मोठो कान हाडतलो," असं लोक म्हणत आणि त्याला दोरीवर बसवायला चढाओढ लागे. काही जण नाकातोंडातून रक्त येईपर्यंत खाली राहिले, पण कान मोठा मिळाला की रक्ताकडे कोण बघतो? आमचे पूर्वज शहाणे होते असं मी म्हणणार नाही.

सगुणचा धाकटा भाऊ लवू. लवूची बायको आवडी. तिची मुलं जन्मत आणि आठवड्याभरात जात. पुन्हा दिवस राहिले तेव्हा लवूनं गावदेवीला नवस केला, की हे मूल जगू दे, मोठ्यात मोठा कान आणून तुझ्या डोक्यावर टांगीन आणि त्यातून दुधाचा अभिषेक करीन. कानाला मुळातच भोकं असतात, धार आपोआप ठिबकते, म्हणून आमच्याकडे अभिषेकाला तांब्याचं पात्र नसे, कानच असे. नवस मूल जन्मायच्या आत फेडायचा होता.

आवडीला नववा लागला आणि लवू तापातून नुकताच उठला होता. तरी तो खडपावर गेला. दोरीवर सगुण. भावाची छाती अजून कफानं भरलेली आहे हे त्याला दिसत होतं, पण दोरीवरचा माणूस स्वतःच्या दमावर चालायचा, दुसऱ्याच्या नव्हे, हीच तर रीत. लवूची पटाशी चुकली आणि बोटं कानाखाली अडकली. वर सगुण डोळे मिटून, श्वास कोंडून बसला होता, आणि त्याचा दम काही संपेना. शेवटी त्यानं ओढलं तेव्हा लवू वर आला, बोटांची सालं निघालेला आणि श्वास नसलेला. कान खालीच राहिला.

सगुण पुन्हा कोणाच्या दोरीवर बसला नाही. त्याला कोणी दोष दिला नाही, हेच त्याला जाळत असावं. पण नवस अर्धवट राहिला होता, आणि अर्धवट नवसाचं मूल वाचत नाही असा समज होता. दुसरं कोणी त्या खडपावर जायला तयार होईना. तेव्हा सगुण म्हणाला, मी जातो, दोरीशिवाय. गावानं काय ते ओळखलं. हा कान आणायला निघाला नव्हता, भावाकडे निघाला होता.

त्याची होडी पाण्यात ढकलायची वेळ झाली तेव्हा आवडी किनाऱ्यावर आली. पोट पुढे, पायांना सूज, चार पावलं टाकली की धाप. त्या काळी बाई होडीत चढत नसे आणि भावजय थोरल्या दिराशी समोरासमोर बोलत नसे. आवडी होडीत चढून बसली आणि म्हणाली, "दोरी मी धरतंय."

जिचा नवरा याच्या हातून गेला, तिच्या हातात याची दोरी. ती ओढील का, हीच शंका प्रत्येकाच्या मनात होती. सगुणच्याही असेल, पण तो दोरी बांधून उतरला, कारण ती न ओढली तरी त्याला चालणारच होतं.

आवडीनं श्वास कोंडला. नवव्या महिन्याच्या बाईचा दम तो केवढा? सगुण तळाला टेकतो न टेकतो तोच ती ओढू लागली. तो रिकामा वर आला. पुन्हा गेला, पुन्हा तेच. मग एकदा त्याला कपारीत तो कान दिसला म्हणे, लवूचा. त्यानं पटाशी उगारली आणि कमरेला ओढ बसली.

वर येऊन तो रडकुंडीला आला. "हाताक इलेलो गे! असा बेगीन ओढलंस तर कान गावतलो कसो?"

आवडी धापा टाकत म्हणाली, "माझ्या वांगडा पोटातल्याचो पण दम असा, भावजीनु. तो जेवढो पुरात, तेवढोच तुमचो. कान नाय गावलो तरी चलात. एक माणूस गेलो, दुसरो जावक देवचंय नाय."

हे ऐकून सगुण होडीच्या काठाला डोकं टेकून रडला. भाऊ गेला त्या दिवसापासून तो रडला नव्हता. मग तो शेवटची बुडी मारायला उतरला, आणि या खेपेला त्यानं मोठ्याकडे पाहिलंच नाही. हाताशी जो पहिला आला तो उचटला आणि दोरी ताणायच्या आत आपणहून वर आला. कान तळहातापेक्षाही लहान होता.

तोच देवीवर टांगला. त्यात मावेल तेवढं, घोटभर दूध एकदाच घातलं. आणि सकाळी घातलेलं ते दूध दिवस कलेपर्यंत ठिबकत राहिलं, असं सांगतात. तिकडे घरात मूल जन्मून पहिल्यांदा रडलं तेव्हा शेवटचा थेंब पडला. मी काही पाहायला नव्हतो. पण ती मुलगी जगली, तिचा वंश गावात आहे, एवढं खरं. आवडीनं सगुणला माफ केलं का, असं पाहुणे हमखास विचारतात. ते कोणी सांगत नाही. जन्मभर त्याची दोरी तिनं धरली, एवढंच सांगतात.

आजही दांडेखोलात दोरीवर बसवायचा तो गावातला सर्वांत कमी दमाचा माणूस. म्हातारा, दमेकरी, आजारातून उठलेला. त्याला नारळ देऊन बोलावतात आणि त्यानं कितीही लवकर ओढलं तरी त्याच्यावर ओरडायचं नाही. माझी छाती भात्यासारखी वाजते, म्हणून यंदा तो मान माझा आहे. मोठे कान आता फारसे येत नाहीत. पण त्या दिवसापासून या खडपानं एकही माणूस घेतलेला नाही. आणि कधी कोणी ओंजळीएवढा कान घेऊन किनाऱ्याला लागलाच, तर बायका कौतुक करत नाहीत. त्याचा चेहरा नीट निरखतात आणि आधी विचारतात, "दोरयेर कोण होतो?"