पाटीवर लिहिलेला भाव

एका नदीकाठच्या गावात एक म्हातारा टांगेवाला राहत होता. बायको केव्हाच वारली होती, मुलगी डोंगरापलीकडे नांदत होती. घरी तो आणि त्याची घोडी, एवढी दोनच माणसे. हो, माणसेच म्हणायची. कारण म्हातारा जेवायला बसला की आधी तिच्यापुढे वैरण टाकी, आणि दिवसभरात काय काय झाले ते तिलाच सांगे.

घोडीचे नाव साळुंकी. अंग तांबूस, कपाळावर पांढरा टिळा. तिची चाल इतकी मऊ, की टांग्यात बाळंतीण बसली तरी तिच्या मांडीवरचे मूल जागे होत नसे.

पुढे म्हाताऱ्याचे हात कापू लागले. पाण्याचा तांब्या तोंडाशी नेईपर्यंत निम्मे पाणी अंगावर सांडे. लगाम हातात ठरेना. साळुंकी आपल्या आपण वाट ओळखून टांगा घरी आणी, म्हणून काही दिवस निभावले. मग मुलगी न्यायला आली.

"बाबा, आता माझ्याकडेच राहायचं."

"आणि साळुंकी?"

मुलगी खाली बघत म्हणाली, "आमचं घर कड्यावर, बाबा. वर जायला दगडाच्या पायऱ्या. तिथं शेळी बांधायलासुद्धा जागा नाही."

म्हाताऱ्याने उठून साळुंकीपुढे वैरण टाकली. मग म्हणाला, "तू हो पुढं. तिला चांगल्या घरी देतो आणि येतो."

त्या मुलखात वर्षातून एकदा घोड्यांचा मोठा बाजार भरे. प्रत्येक विकणारा आपल्या जनावराच्या गळ्यात एक पाटी अडकवी. पाटीवर रंग, वय, चाल, सगळे लिहिलेले असे. भाव मात्र कुणीच लिहीत नसे. गिऱ्हाईक जवळ आले, की विकणारा आपल्या हातावर रुमाल टाकी. दोघे रुमालाखाली हात धरत आणि बोटे दाबून भाव ठरवत. बघणाऱ्याला काही कळत नसे. पटले तर सौदा, नाही तर हात सोडून दोघे मोकळे.

म्हातारा साळुंकीला घेऊन पाट्या रंगवणाऱ्यापाशी गेला.

"बोला आजोबा, काय लिहू?"

"लिही. तांबूस घोडी. चाल मऊ. लाथ मारत नाही, चावत नाही. पुलावर बुजते, तेव्हा मानेवर हात ठेवावा."

रंगवणारा हसला. "खोड कुणी लिहितं का आजोबा? इथं लंगडा घोडा असला तर नाचरा म्हणून लिहून घेतात."

"लिही बाबा. नेणाऱ्याला माहीत असावं. आणि खाली भाव लिही."

रंगवणाऱ्याचा कुंचला थांबला. "भाव? नका लिहू आजोबा. या बाजारात तसं करत नाहीत."

"का करत नाहीत?"

"ते मला काय ठाऊक! माझ्या बापानं कधी लिहिला नाही, मी लिहिला नाही."

पण म्हाताऱ्याने ऐकले नाही. त्याला आपल्या हातांची लाज वाटत होती. रुमालाखाली हात दिला, की समोरच्याला ती थरथर कळणार. हा म्हातारा थकलाय, याला घोडी काढायचीच आहे, हे कळणार. शिवाय दिवसभर उभे राहून साळुंकीच्या जिवाची घासाघीस करायची, हेही त्याला नको होते. त्याने चांगला भरभक्कम भाव सांगितला. मनात म्हणाला, एवढे पैसे देऊन जो नेईल, तो हिला जपेलच.

शेजारी एक जाडजूड सौदागर चार घोडे घेऊन उभा होता. पाटी बघून तो खो खो हसला.

"काय आजोबा, घोडी विकताय की गूळ? शेराच्या भावानं का?"

म्हातारा नुसता हसला. साळुंकीच्या मानेवरून हात फिरवत राहिला.

थोड्या वेळाने एक कासार आला. गावोगाव फिरून बांगड्या विकणारा, पाठीवर बांगड्यांची मोठी पेटी. त्याने साळुंकीला बघितले. तिच्याभोवती एक फेरी घातली. तिच्यासमोर ओंजळ धरली, तशी तिने त्याच्या ओंजळीत नाक खुपसले. कासाराचा चेहरा उजळला. मग त्याची नजर पाटीवर गेली. भाव वाचून त्याने कमरेची थैली चाचपली, मान हलवली आणि तो काही न बोलता गर्दीत निघून गेला.

म्हाताऱ्याला त्याला हाक मारावीशी वाटली. पण भाव तर लिहिलेलाच होता. आता बोलायचे काय?

दुपारी चुन्याची घाणी चालवणारा एक मालक आला. चुना दळायला जनावरे घाणीला जुंपायची, डोळ्यांवर पट्टी बांधायची आणि गोल गोल फिरवायची, हा त्याचा धंदा. चुन्याने जनावरांचे खूर कुजत, डोळे जात. त्याच्याकडचे जनावर दोन पावसाळे काढत नसे, हे सगळ्या बाजाराला माहीत होते. त्याने साळुंकीकडे नीट पाहिलेसुद्धा नाही. पाटी वाचली आणि पैशांची थैली म्हाताऱ्यापुढे टाकली.

"घ्या. सोडा दावं."

म्हातारा दचकला. "नाही मालक. तुम्हाला नाही द्यायची."

"का? पैसे खोटे आहेत?"

"पैसे खरे आहेत. पण घोडी द्यायची नाही."

आवाज चढला, माणसे जमली. बाजाराचा चौधरी आला. चौधरी भला माणूस होता. त्याने पाटी दोनदा वाचली आणि म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"रुमालाखालून हात काढून घेतला असतात, तर मी तुमच्या बाजूनं उभा राहिलो असतो. पण हे भर बाजारात लिहून दिलंत. लिहिला भाव कुणीही द्यावा आणि जनावर न्यावं. आज मी तुमच्यासाठी हे मोडलं, तर उद्या इथं कुणाच्याच बोलण्याला अर्थ राहणार नाही."

मालकाने दावे सोडले. साळुंकी दोन पावले गेली आणि मान वळवून उभी राहिली. म्हातारा येत नाही हे तिला समजेना. मालकाने हिसका दिला.

गडबड ऐकून कासार परत आला होता. त्याने विचारले, "विकली का हो?"

"विकली."

"चांगली होती. तिच्या पाठीवर माझी एक बांगडी फुटली नसती. मी मुद्दाम असलीच शोधत होतो. मी पायीच चालतो, आजोबा. बसायला नको होती मला, सोबतीला हवी होती."

"मग विचारलं का नाहीस रे बाबा?"

"भाव वाचला ना! माझ्याकडं त्याच्या निम्मेसुद्धा नाहीत. कशाला उगाच तोंड उघडायचं?"

"अरे, मी दिली असती," म्हातारा म्हणाला. "तुला मी दिली असती."

शेजारचा सौदागर आता हसत नव्हता. तो हळू आवाजात म्हणाला, "आजोबा, आम्ही भाव लिहीत नाही तो पोटासाठी. गिऱ्हाइकाचे जोडे बघायचे, अंगठी बघायची, मग बोट दाबायचं. खोटं कशाला बोलू? पण कधी एखादा माणूस डोळ्यांना बरा दिसत नाही. मग असा भाव दाबतो, की तो आपला आपण निघून जातो. तेवढी एक वाट हातात राहते. तुम्ही तीच बुजवलीत."

म्हाताऱ्याने थैली उचलली. कासाराने आपली थैली त्यात ओतली. दोघे धावत मालकाच्या मागे गेले.

"मालक, तुमचे पैसे घ्या. वर हेही घ्या. घोडी परत द्या."

मालक थांबला. त्याने साळुंकीच्या गळ्यातली पाटी काढून रस्त्यात फेकली.

"आता घोडी माझी. आणि मी भाव लिहीत नसतो." त्याने आपल्या हातावर रुमाल टाकला. "या. हात द्या."

म्हाताऱ्याने हात पुढे केला. रुमालाखाली तो हात पानासारखा थरथरत होता. मालकाने तो धरला आणि म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघितले. बघतच राहिला. हा माणूस काय वाटेल ते देईल, हे त्याला कळले. मग त्याने बोटे दाबली. एकदा दाबली, पुन्हा दाबली, आणखी दाबली.

इतके पैसे त्या दोघांनी मिळून आयुष्यात पाहिले नव्हते.

म्हाताऱ्याचा हात रुमालाखालून गळून पडला. मालक साळुंकीला घेऊन चालू लागला. ती पुन्हा मागे वळून बघत होती. म्हाताऱ्याने तिच्याकडे पाठ केली, म्हणजे ती पुढे तरी बघेल आणि हिसके बसणार नाहीत.

कासार पेटी पाठीवर घेऊन आपल्या वाटेने गेला. म्हातारा मुलीकडे गेला. तिथे त्याला काही कमी पडले नाही. खाली बाजारहाटाला जाणारे लोक कधी चुन्याच्या घाणीवरून येत. म्हाताऱ्याने त्यांना साळुंकीबद्दल कधी विचारले नाही. विचारायचा त्याला धीर झाला नाही.

तात्पर्य एवढेच: जीव लावलेली वस्तू देताना घेणारा माणूस आधी बघावा, किंमत नंतर सांगावी. किंमत आधी सांगून टाकली, की गरिबाला विचारायचा धीर होत नाही, आणि निर्दयाला नाही म्हणायचा हक्क आपल्याकडे उरत नाही.