ताटाएवढे आभाळ

फार जुन्या काळची गोष्ट आहे, घाटाला अजून राजरस्ता नव्हता तेव्हाची. ही गोष्ट मी पुष्कळांना सांगितली आहे. लोक माना डोलावतात, घरी जातात आणि होते तसेच वागतात. तरीही सांगतो, कारण थंडी जवळ आली आहे.

एका उंच घाटमाथ्यावर धर्मशाळा होती. जाड दगडी भिंती, गवताचे छप्पर आणि मधोमध एक मोठी चूल. चुलीवरून दगडमातीचे धुराडे थेट छपराबाहेर गेले होते. हिवाळ्यात तिथे रांजणातले पाणी गोठायचे. घाट चढून आलेला माणूस त्या चुलीपुढे हात शेकायचा, भाकरी खाऊन तिथेच निजायचा आणि सकाळी पुढच्या वाटेला लागायचा. अलीकडे नाही की पलीकडे नाही, दुसरा आसराच नव्हता.

ही धर्मशाळा एक विधवा चालवायची. तिला सगळे थोरली म्हणत, कारण शेजारच्याच घरात तिची धाकटी जाऊ राहायची. थोरलीजवळ तिचा म्हातारा सासरा होता. त्याची नजर गेली होती आणि पायही. त्याचे अंथरूण धुराड्याच्या भिंतीला लागून होते, तेवढीच ऊब.

त्या चुलीचा एक मान होता. सासऱ्याच्या आजीने पेटवलेला विस्तव तिथे कधी विझला नव्हता. घाटाखालचे लोकसुद्धा शपथ घेताना त्या विस्तवाची घेत.

आता तुम्ही विचाराल, चूल विझवायचीच नाही तर धुराडे झाडायचे कसे? त्यासाठी जुन्या माणसांनी रीत घालून दिली होती. सुगी संपली की एक दिवस ठरवायचा. निखारे मडक्यात भरून शेजारच्या घरी न्यायचे. चूल गार झाली की लांब वेळूला काट्यांची जुडी बांधून धुराडे झाडायचे. काजळीच्या टोपल्याच्या टोपल्या निघायच्या. मग चुलीत वाकून वर बघायचे. ताटाएवढे आभाळ दिसले तर काम झाले. कमी दिसले तर पुन्हा झाडायचे. संध्याकाळी विस्तव परत घरी आणायचा.

एके वर्षी थोरली मडके घेऊन गेली तेव्हा धाकटी हसत म्हणाली, "जाऊबाई, एवढा मानाचा विस्तव, आणि त्याला आसरा माझ्याच घरी शोधावा लागतो की."

थट्टाच होती ती. पण दमलेल्या माणसाला थट्टा लवकर लागते. थोरली मडके ठेवून परत फिरली. संध्याकाळी निखारे घेऊन आली आणि पुढच्या वर्षी गेलीच नाही.

त्या वर्षी तिने स्वतःला सांगितले की धाकटीच्या दारात जायचे नाही. त्याच्या पुढच्या वर्षी राग केव्हाच निवला होता, पण कंबर दुखत होती. पाणी भरायचे, दळायचे, येणाऱ्या-जाणाऱ्याची उष्टी काढायची, सासऱ्याला कुशीवर वळवायचे. त्यात वर हे धुराडे. उद्या बघू, असे ती म्हणायची. मी तिला दोष देत नाही. असे उद्या माझ्याही घरात पुष्कळ पडलेत.

सुगी संपली की सासरा विचारायचा, "धुराडं झाडलं का गं, सूनबाई?"

"झाडलं, मामंजी."

"ताटाएवढं दिसलं?"

"दिसलं."

एकदा विस्तव राखेखाली असताना तिने खरेच चुलीच्या कडेने मान घालून वर पाहिले होते. वाटीएवढे आभाळ दिसले. काळ्या भिंतींवर काजळीचे जाड, चकचकीत थर चढले होते. ती मान काढून उभी राहिली आणि पीठ मळायला बसली.

एक घोंगडीवाला दर हिवाळ्यात यायचा. तो डोळे पुसत म्हणाला, "बाई, धूर आत फिरतोय. धुराडं बघा एकदा."

"वारा उलटा आहे," थोरली म्हणाली.

तो चार दिवसांनी परतताना पुन्हा मुक्कामाला आला, तेव्हा वारा पडलेला होता आणि धूर तसाच होता. या खेपेला त्याने काही म्हटले नाही.

मग ती दुपार आली. थंडी कडाक्याची होती, धर्मशाळा भरलेली होती. थोरलीने चुलीत दोन ओंडके जास्तीचे सारले. थोड्या वेळाने धुराड्यात घुरघुर सुरू झाली. पाहुण्यांना वाटले, वारा सुटला. पण भिंतीला टेकून पडलेला सासरा ओरडला, "भिंत पोळतीय. काजळी पेटली. माणसं बाहेर काढ."

वर धुराड्याच्या तोंडातून जाळ उसळला आणि ठिणग्या गवताच्या छपरावर पडल्या. माणसे बोचकी टाकून पळाली. थोरली एकटी सासऱ्याला ओढू लागली, पण तो तिच्याने हलेना. तेव्हा इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिने हाक मारली, "धाकटे."

धाकटी ओली घोंगडी घेऊन आत शिरली. दोघींनी म्हाताऱ्याला घोंगडीत घातले आणि फरफटत अंगणात आणले. मागे छप्पर खाली बसले. मानाची चूल त्याखाली गेली.

संध्याकाळी तिघे धाकटीच्या चुलीपुढे बसले होते. सासऱ्याने विचारले, "झाडलं होतंस ना, सूनबाई?"

"नाही, मामंजी. किती वर्षांत नाही."

म्हाताऱ्याने घोंगडी अंगाभोवती ओढून घेतली. मग म्हणाला, "मला ठाऊक होतं. डोळे गेलेत, नाक आहे. धूर रोज कळायचा."

"मग बोलला का नाहीत?"

"तू दमलेली असायचीस. आणि मीही विचारून विचारून दमलो होतो. तू हो म्हणालीस की मला झोप लागायची."

त्या हिवाळ्यात घाट चढून आलेल्यांना काळ्या भिंती दिसल्या. धाकटीच्या ओसरीवर मावतील तेवढे मावले, बाकीचे परत फिरले. परत फिरलेल्यांपैकी एक म्हातारी खाली पोचली नाही. थोरलीने हे ऐकले आणि त्या दिवशी ती जेवली नाही.

वर्षाने घाटाखालच्या गावकऱ्यांनी छप्पर घातले, धुराडे नव्याने बांधले. पण मानाचा विस्तव कुठून आणायचा? थोरली म्हणाली, "गेला तो. आता कुठलाही आणा."

धाकटीने मडके पुढे केले. "हा तुमचाच आहे, जाऊबाई. शेवटच्या खेपेला तुम्ही निखारे परत नेलेत तेव्हा चार माझ्याकडे मागे राहिले होते, ते मी माझ्या चुलीत घातले. धुराडं झाडायचं असलं की मडक्यात राखेखाली अंगणात ठेवते आणि परत घालते."

अंगणात ठेवते. इतके सोपे होते ते. हे थोरलीला कधी सुचले नव्हते असेही नाही.

पुढच्या सुगीनंतर थोरलीने निखारे काढले, दिवसभर धुराडे झाडले, वाकून वर पाहिले आणि सासऱ्याच्या अंथरुणापाशी जाऊन म्हणाली, "झाडलं, मामंजी. ताटाएवढं दिसतं."

म्हाताऱ्याने मान हलवली. मग शांतपणे म्हणाला, "मला चुलीपाशी ने."

दोघी जावांनी त्याला उचलून नेले. त्याने गार चुलीत डोके घातले आणि आपला आंधळा चेहरा वर केला. वरून थंड वारा सरळ त्याच्या कपाळावर उतरला. तो तसाच थोडा वेळ राहिला.

"झाडलंय," तो म्हणाला. "आता पेटव."

थोरलीला वाईट वाटले, पण तिने निखारे चुलीत घातले. तो जिवंत होता तोवर दर वर्षी तिने त्याला असेच चुलीपाशी नेले, आणि तो गेल्यावर धाकटीला बोलावून वर बघायला लावले.

तात्पर्य: रोज पेटणाऱ्या चुलीचे धुराडे दर वर्षी झाडावे आणि झाडले की डोळ्यांनी पाहून घ्यावे, कारण आपण दमलो म्हणून काजळी साठायची थांबत नाही.