हौदातली टक्कर

त्या राज्यात आता टकरी होत नसत. टकरींचे निकाल मात्र रोज लागत.

राज्य एडक्यांचे होते. पूर्वी गवत सुकू लागले की माळावर टकरी रंगत. दोन एडके आधी एकमेकांचे कपाळ हुंगत, मग मागे सरत आणि धावत येऊन भिडत. जो जिंकेल त्याने डोंगरातल्या मिठाच्या खडकाला पहिली जीभ लावायची, मग बाकीच्या कळपाने, असा रिवाज होता. माथी फुटत, शिंगे मोडत, आणि हरलेल्याचे भाऊबंद जिंकलेल्याशी बरेच दिवस बोलत नसत.

मग बगळे आले आणि त्यांनी हौद बांधला. बगळे फार विचारी. एका पायावर उभे राहून विचार करणाऱ्याला कोण अडवणार? त्यांची रीत सोपी होती. होऊन गेलेल्या एडक्याच्या नावाने हौदात खडे टाकायचे, जिंकल्याचे पांढरे आणि हरल्याचे काळे. बगळ्यांनी चोचीने पाणी ढवळले की दोन सावल्या उठत आणि पाण्यातच टक्कर घेत. ज्यांनी एकमेकांचे नावही ऐकले नव्हते असे वेगवेगळ्या काळातले वीर भिडू लागले, आणि कुणाचे डोकेही फुटेना! कळप खुळावला. काठावर एवढी रेटारेटी होई की हौदाच्या तळचा चिखल वर येई. बगळे मात्र त्या गोंधळातही चोच पाण्यात घालून शांतपणे निकाल वाचत. दिवसेंदिवस ते तुकतुकीत दिसू लागले. विद्येचे तेज आहे, असे कळप म्हणे.

माळावर खरोखर टक्कर जिंकलेला शेवटचा एडका म्हणजे घणमाथा. मिठाचा मान अजून त्याच्याकडे होता, पण त्याला सुख नव्हते. टकरी होत तेव्हाही तो जिंकला की गर्दीतला कोणीतरी म्हातारा उसासा टाकून म्हणे, "बरा हाय, पन गिरिभंजन असता तर..." हा गिरिभंजन पणजोबांच्याही आधीचा. त्याने माथ्याच्या एका धडकेने कडा फोडला, असे सांगत. कडा अजून तिथेच धडधाकट उभा होता; पण तो दुसरा कडा, असे भक्तांचे म्हणणे पडे. तो 'पन' घणमाथ्याच्या कातडीत गोचिडासारखा रुतून बसला होता.

म्हणून प्रमुख बगळा स्वतः चालत आला तेव्हा घणमाथ्याची छाती फुगली.

"आपली आणि गिरिभंजनांची टक्कर लावावी, अशी लोकभावना आहे," बगळा म्हणाला. "अडचण एकच. आपण हयात आहात."

"मंग?"

"हयात प्राण्याचा हिशेब पुरा होत नाही. आपण उद्या हरू शकता, जिंकूही शकता. हौदाला ते चालत नाही. यापुढे कुणाशीही भिडणार नाही, एवढे आपण जाहीर करावे. मग आम्ही आपल्याला होऊन गेलेले समजू."

घणमाथ्याने आढेवेढे न घेता जाहीर केले. त्या दिवसापासून बगळे त्याला अदबीने 'कैलासवासी' म्हणू लागले, आणि खरे सांगायचे तर त्याला ते आवडलेही.

ही बातमी एकशिंग्याच्या कानावर गेली. त्याचे एक शिंग घणमाथ्यानेच एका टकरीत मोडले होते, आणि पुन्हा एकदा भिडायचे वचन त्याच दिवशी दिले होते. ते वचन तेव्हापासून लांबत आले होते. एकशिंग्या लंगडत चढ चढून आला.

"मेलास म्हनं तू?"

"हौदापुरता."

"आन् माझी टक्कर? गवत सुकलं की घेऊ म्हनला व्हतास. म्या दुसरं शिंग त्याच्यासाठीच राखलंय की रं!"

"तुझ्याशी भिडलो तर गिरिभंजनाची टक्कर रद्द व्हईल, गड्या."

"त्या सावलीचं कपाळ कसं हुंगनार तू?"

 घणमाथ्याला लाज वाटली, पण त्या 'पन'चा ठणका लाजेहून मोठा होता.

टकरीच्या दिवशी हौदाकाठी पाय ठेवायला जागा उरली नाही. पाणी ढवळले. गिरिभंजनाची सावली डोंगराएवढी उठली, कारण त्याच्या नावाने येताजाता जो तो पांढरा खडा टाकी, आणि त्याला हरताना पाहिलेला कोणी उरलाच नव्हता. घणमाथ्याला पाहिलेले मात्र पुष्कळ होते. त्यांनी त्याचे काळे खडे आठवणीने आणून टाकले होते. पहिल्याच धडकेला त्याच्या सावलीने गुडघे टेकले, मग पाठ फिरवून ती पळत सुटली. कळप खदखदून हसला.

"आरं, म्या कवा पाठ दावली?" घणमाथा ओरडला.

"होऊन गेलेल्यांनी मध्ये बोलू नये," बगळा अदबीने म्हणाला.

आता मिठाचा मान गिरिभंजनाचा झाला. कळप वाजतगाजत खडकापाशी गेला आणि गिरिभंजनाने पहिली जीभ लावावी म्हणून माना झुकवून उभा राहिला. गिरिभंजन आला नाही. "येतील," बगळे म्हणाले. त्याच्या आधी जीभ लावायची कुणाची छाती होईना. खडकाकडे जो तिरक्या नजरेने पाही त्याला सगळे गिरिभंजनद्रोही म्हणू लागले. मिठावाचून जिभा कोरड्या पडल्या, पाय लटपटू लागले. मग दुसरे काय करणार? सगळे हौदाकाठीच बसून राहिले.

एका सकाळी घणमाथा एकशिंग्यासमोर येऊन उभा राहिला.

"चल."

"मेलेल्याशी म्या भिडत न्हाई," एकशिंग्या म्हणाला, पण म्हणता म्हणता तो उठलाही होता.

माळावर गवत माजले होते. दोघांनी एकमेकांचे कपाळ हुंगले, जरा जास्तच वेळ.

"भ्यालास व्हय रं?" एकशिंग्याने विचारले.

"व्हय."

"म्याबी."

दोघे मागे सरले. गुडघे कुरकुरले. मग दोघे धावले आणि भिडले, आणि दोघेही आडवे झाले. कोण जिंकले ते त्यांनाही कळले नाही. घणमाथ्याच्या कपाळावरून रक्ताचा ओघळ आला. एकशिंग्याने सरपटत जवळ येऊन तो चाटला आणि थबकला.

"खारट हाय," तो म्हणाला, आणि त्याने आपले रक्ताळलेले कपाळ पुढे केले.

टकरीचा आवाज कड्यावर आपटून हौदापर्यंत गेला. सगळा कळप दचकला. असा आवाज त्यांनी कितीतरी काळात ऐकला नव्हता. कोण भिडले ते पाहायला सगळ्यांनी एकदम माना खाली घातल्या आणि ते हौदात पाहू लागले. मागच्यांनी पुढच्यांना रेटले, काठ खचला, तळचा चिखल उसळून वर आला.

"कोन भिडलं? कोन भिडलं?" सगळे विचारू लागले.

प्रमुख बगळ्याला लगेच उत्तर देता आले नाही. त्याच्या चोचीत मासा होता.