केरोबाची गळकी फटफटी

काल रात्रभर माझा डोळा लागला नाही. कारण विचाराल तर एक काळा डाग. पार्किंगमध्ये मकरंदच्या मोटारसायकलखाली परवा तो रुपयाएवढा होता. काल पुरीएवढा झाला. आणि उद्या पहाटे हा माणूस मित्रांबरोबर त्याच गाडीवरून हंपीला निघणार. मी विचारलं, तर म्हणाला, "अगं, जुनी गाडी आहे. एवढं तेल गळायचंच." एवढं बोलून घोरायला लागला. मी छताकडे बघत पडले. घाटात इंजिन जाम झालं तर? मागून ट्रक आला तर?

आज संध्याकाळी तो गाडीखाली ठेवून गळतंय का बघायला पुठ्ठा घेऊन खाली गेला आणि मी सावनीला वरणभात भरवायला बसले. ती पाच वर्षांची आहे. तिने विचारलं, "आई, बाबाच्या गाडीने शू केली का?"

आपली काळजी मुलांसमोर बोलून दाखवू नये, असं मी वाचलेलं आहे. गोष्टीत घालून सांगितली तर चालते का, ते कुठे वाचलेलं नाही. सांगून टाकली.

एका गावात एक भोळा भाऊ होता. नाव केरोबा. त्याची थोरली बहीण अनुसा, दोन घाटांपलीकडे सासरी नांदत होती. दर भाऊबीजेला ती ताट घेऊन दारात उभी राहायची, आणि दर भाऊबीजेला केरोबा पोहोचायचा नाही. एकदा तो उलट्या दिशेच्या एसटीत बसला, कारण त्या एसटीत जागा होती. एकदा वाटेतच झोपला, कारण आईने सांगितलं होतं, 'दमलास की जरा पड.' भाऊ आला नाही की बहिणीने चंद्राला ओवाळायचं, अशी रीत. अनुसा बिचारी वर्षानुवर्षं चंद्रालाच ओवाळत होती. आणि चंद्र काही ओवाळणी घालत नाही, की दोन घास जेवून जात नाही.

या वर्षी आई म्हणाली, "केरोबा, काही झालं तरी चंद्र दिसायच्या आत पोहोच. माझ्या लेकीला यंदा माणसाला ओवाळू दे."

"बरं," केरोबा म्हणाला.

त्याने बापाची जुनी फटफटी बाहेर काढली. आईने पिशवीत करंज्या घातल्या, आणि अनुसासाठी बाटलीभर वासाचं तेल. तेवढ्यात अंगणात आवाज आला. टप. टप. टप. फटफटीखालून काळे थेंब पडत होते, ते थेट आईच्या रांगोळीवर.

"अरे, गळतंय दिसत नाही का?" आई ओरडली. "गळतंय तिथं भांडं ठेव खाली!"

केरोबाने खाली परात ठेवली. मग फटफटीवर बसला आणि निघाला. वेशीपर्यंत गेला आणि वळून परत आला.

"आता काय?"

"आई, फटफटी पुढं जाते, परात येत नाही."

आईने कपाळावर हात मारला आणि त्याला बाळू मेस्त्रीकडे पिटाळलं.

बाळू मेस्त्री सणासाठी दुकान बंद करून निघाला होता. त्याने वाकून बघितलं. "खालचा नट सैल झालाय. त्याच्याखालचं वायसर झिजलंय. नवं दिवाळीनंतर मिळेल."

"मी खाली परात ठेवली होती," केरोबा म्हणाला.

"परात ठेवून कुठं गळायचं थांबतं का, शहाण्या? गळतंय तिथं पाना लावायचा आणि कचकचून आवळायचं." त्याने नट आवळला आणि एक जुना पाना केरोबाच्या हातात ठेवला. "लक्षात ठेव."

केरोबाने लक्षात ठेवलं. त्याचं एवढंच वाईट होतं, तो सांगितलेलं लक्षात ठेवायचा.

फटफट फटफट करत तो नाक्यावरच्या चहाच्या टपरीपाशी आला. टपरीवाल्या बाईच्या कडेवर तिचं लेकरू होतं. लेकराचं नाक गळत होतं. केरोबाने खिशातून पाना काढला.

नाक शाबूत राहिलं, एवढंच सांगते. कारण इथे सावनीने दोन्ही हातांनी स्वतःचं नाक झाकून घेतलं आणि घास घ्यायचं थांबवलं.

"मुडद्या!" टपरीवाली कडाडली. "लेकराचं नाक कुणी पान्यानं आवळतं का? फडक्यानं अलगद पुसायचं! पुसायचं आणि उगी उगी म्हणायचं!"

"बरं, मावशी."

केरोबाने लक्षात ठेवलं.

घाटाच्या पायथ्याला महादेवाचं देऊळ होतं. केरोबा दर्शनाला आत गेला. पिंडीवर तांब्याचं पात्र टांगलेलं. त्याच्या बुडाच्या भोकातून पाणी पडत होतं. टप. टप. टप. केरोबाला कळवळा आला. त्याने खिशातलं फडकं काढलं. ते फटफटी पुसायचं होतं. थेंब पडला की पिंडी पुसायची, थेंब पडला की पुसायची. "उगी उगी, महादेवा. उगी उगी." पिंडी आधी काळी होती ती आता चकचकीत काळी झाली.

गुरव धावत आला. "अरे गाढवा! ही धार पुसायची नसते, पडू द्यायची असते! आटायला आली की वरून घालायचं. हात जोडायचे. पडेल ते ओंजळीत घ्यायचं, घोटभर प्यायचं, उरलेलं डोळ्यांना आणि डोक्याला लावायचं. देवळात कधी आला नव्हतास का?"

"आता लक्षात ठेवतो," केरोबा म्हणाला. आणि ठेवलं.

बाहेर फटफटी उभी होती. झिजलेलं वायसर काही ऐकेना. टप. टप. केरोबाने हात जोडले. मग खाली ओंजळ धरली. घोटभर प्यायला. उरलेलं डोळ्यांना लावलं, डोक्यावरून फिरवलं. चव कडू होती. पण चांगल्या गोष्टी कडूच असतात, असं आई म्हणायची.

इथे मी गोष्ट थांबवून सांगितलं, की हे आपण कधीही, कुणीही करायचं नाही. बाबाच्या गाडीखालचं तर बोटसुद्धा लावायचं नाही.

"माहितीये गं," सावनी म्हणाली. "पुढे सांग."

मग केरोबाला आठवलं, वरून घालायचं राहिलं. त्याने फटफटीचं झाकण उघडलं आणि अनुसासाठी दिलेलं वासाचं तेल आत रिकामं केलं. फटफटी घाट चढायला लागली. मागून पांढरा धूर. आणि घाटभर दिवाळीच्या पहिल्या आंघोळीचा वास.

पुढे एक ट्रक थांबलेला होता. ड्रायव्हर सर्जेराव खाली उतरून हवेत नाक वर करून उभा होता. "उटणं लावून कोण आंघोळ करतंय रे घाटात?"

धुरातून केरोबा बाहेर आला. केस काळे, डोळे काळे, दात काळे. उतरला आणि फटफटीसमोर हात जोडून उभा राहिला.

"काय करतोयस?"

"गळतंय, म्हणून पाया पडतोय."

सर्जेरावने झाकण उघडून वास घेतला. मग केरोबाकडे बघितलं. मग पुन्हा वास घेतला. "इंजिनात असलं तेल घालतात होय रे, येड्या? थांब." त्याने ट्रकमधून एक डबा आणला. "हे खरं ऑइल. थोडं आता घालतो, बाकीचं जवळ ठेव. आणि नीट ऐक. गळतंय तोवर काळजी नाही. गळतंय म्हणजे आत आहे. गळायचं थांबलं की घाबर. थांबलं म्हणजे आतलं संपलं. मग इकडेतिकडे बघत बसायचं नाही, कुणाला विचारायचं नाही, सगळा डबा ओतायचा. नाहीतर जागेवर जाम. मग ढकलत ने."

केरोबाने लक्षात ठेवलं. विसरायला नको म्हणून म्हणतच घाट उतरला. "थांबलं की घाबर. थांबलं की ओत. थांबलं की घाबर. थांबलं की ओत." फटफटी वाटभर गळत राहिली, म्हणून केरोबा वाटभर खुशीत होता.

सूर्य बुडाला. अनुसा ताट घेऊन दारात उभी होती. आतून सासू म्हणाली, "अगं, आता कुठला येतोय तो? चंद्र दिसेल एवढ्यात. त्याला ओवाळून आत ये, जेवायचं खोळंबलंय."

"एवढा जरा वेळ, आत्याबाई."

फट. फट. फटफटफट.

गल्लीच्या तोंडाशी पांढरा धूर आला. धुरातून फटफटी आली. फटफटीवर काहीतरी काळं बसलेलं होतं. ते म्हणालं, "आक्का!"

अनुसाने आवाजावरून ओळखलं. चंद्र अजून दिसला नव्हता. आणि भाऊ आला होता. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

केरोबाने वाकून बघितलं. "आक्का, तुझं गळतंय."

"गळू दे रे बाबा!"

"हां, गळू दे, गळू दे," केरोबा समाधानाने म्हणाला. "गळतंय म्हणजे आत आहे."

इतक्या वर्षांत अनुसाशी इतकं शहाणं कुणी बोललं नव्हतं. तिने त्याला पाटावर बसवलं. कुंकू लावायला गेली, तर कपाळ कुठे संपतं आणि केस कुठे सुरू होतात ते कळेना. तिने अंदाजाने बोट टेकवलं. ते भुवईवर लागलं. अनुसाला हसू फुटलं. हसत हसत तिने पदराने डोळे पुसले आणि ओवाळायला ताट उचललं.

केरोबा तिच्या डोळ्यांकडे बघत होता. एक थेंब नाही. दुसराही नाही.

"आक्का!" तो किंचाळला. "थांबलं!"

"काय थांबलं?"

पण कुणाला विचारायचं नाही आणि कुणाला सांगत बसायचं नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तो पाटावरून उडी मारून फटफटीकडे धावला. डबा आणला. झाकण काढलं. आणि सगळाच्या सगळा डबा बहिणीच्या डोक्यावर ओतला.

निरांजन फुस्स करून विझलं. नवं लुगडं काळं झालं. ताटातली करंजी काळी झाली. तेवढ्यात समोरच्या छपरावर चंद्राची बारीक कोर दिसली.

अनुसाने चंद्राकडे बघितलं. भावाकडे बघितलं. आणि असं भोकाड पसरलं, की सगळी गल्ली बाहेर आली.

केरोबाने घाम पुसला. "हुश्श," म्हणाला. "चालू झाली."

त्या वर्षी अनुसाने नवं निरांजन लावून आधी चंद्राला ओवाळलं, कारण त्या तिघांत आंघोळ केलेला तेवढाच दिसत होता. मग भावाला ओवाळलं. हुंदके देत देत. केरोबा पाटावर मांडी घालून बसला होता, तिच्या गालावरच्या एकेका थेंबाला मान डोलवत होता आणि म्हणत होता, "हां. चालू आहे. चालू आहे."

सावनी इतकी हसली, की वरणभात माझ्या ड्रेसवर आला. मी पुसत बसले. गोष्टीतून काही शिकवायचं होतं मला. वेळेवर दुरुस्ती करावी, असं काहीतरी. ते मधेच कुठेतरी घाटात राहिलं. पोरीने यातून नेमकं काय घेतलं असेल, या विचाराने आज रात्रीचीही झोप जाणार, असं मला वाटायला लागलं.

तेवढ्यात मकरंद वर आला. हातात पुठ्ठा, आणि चेहऱ्यावर अगदी विजयी हसू.

"हे बघ," त्याने पुठ्ठा माझ्या नाकासमोर धरला. "कोरडा ठणठणीत! आपोआप गळायचं थांबलं. एक थेंब नाही. आणि तू रात्रभर जागलीस."

मी हुश्श म्हणणार होते. खरंच, तोंड उघडलं होतं.

सावनीने तोंडातला घास गिळला, बाबाकडे नीट बघितलं आणि म्हणाली,

"बाबा, आता घाबर."